क्यू घेताना

६ जानेवारी

प्रिय ताई,

'फोन करू नकोस, काय असेल ते लिही' हा तुझा निरोप पोचला. मेसेजसुद्धा हल्ली दोन शब्दांपलीकडे जात नाही तुझा. मोठ्या नटीचा रुबाब अजून उतरला नाही, असं आमचे हे म्हणतात. मी म्हटलं, नटी आहेच ती, रुबाब उतरवून ठेवणार कुठे? तर लिहिते.

खुर्चीत नीट बस. मी नाटकात काम करते आहे.

हसलीस ना, हसून घे. मीसुद्धा आधी हसलेच होते. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे, तिथे काही हौशी मंडळी दरवर्षी नाटक बसवतात. त्यांचे दिग्दर्शक शाळेत चित्रकला शिकवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते कोट घ्यायला आमच्या लाँड्रीत आले होते आणि नेमकं त्याच वेळी माझं एका गिऱ्हाइकाशी वाजलं. शर्टावरचा शाईचा डाग आम्हीच पाडला असं त्याचं म्हणणं. मी आवाज न चढवता त्याला एवढंच विचारलं, 'पेन कुठल्या खिशात ठेवता?' तो निमूट पैसे देऊन गेला. मास्तर काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "बाई, तुम्ही हे स्टेजवर कराल का?"

आता खरी गोष्ट. नाटक तुझंच आहे. म्हणजे तू नाटक कंपनीत इतकी वर्षं केलंस तेच, घर सोडून गेलेला नवरा परत येतो ते. आणि मला बायकोचं काम दिलंय. मी मागितलं नव्हतं, हे आधीच सांगते.

नवऱ्याचं काम करतात ते दातांचे डॉक्टर आहेत. घरी तालीम घेतात आमचे हे. आयुष्यभर स्टँडवर गाड्या पुकारल्यात त्यांनी, त्यामुळे 'मला क्षमा कर' हेसुद्धा 'फलाट क्रमांक चारवर लागत आहे' अशा सुरात येतं. मला हसू आवरत नाही, आणि ते रागावतात.

अडचण अशी की मास्तर सारखे म्हणतात, "क्यू घ्या बाई, क्यू घ्या." क्यू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तू पाठांतर करायचीस तेव्हा समोरच्याची वाक्यं मीच वाचायचे, दाराच्या चौकटीत उभी राहून. पण देणं वेगळं आणि घेणं वेगळं, असं दिसतंय. तो घ्यायचा कसा, ते सांगशील?

तुझी,
बारकी


१२ जानेवारी

बारके,

पत्र मिळालं. खुर्चीत बसलेलेच होते. गुडघे मला दुसरं काही करू देत नाहीत.

अभिनंदन. काउंटरवरून थेट त्या भूमिकेत जाणं आमच्या वेळी होत नसे. तिथवर पोचायला मी आधी मोलकरीण केली, मग नर्स, मग दुसऱ्या अंकात मरणारी मावशी. मावशी म्हणून पाच वर्षं मरत होते. पण हौशी मंडळींचं गणित निराळं असतं. त्यांच्याकडे बायका कमी असतात.

तुझ्या प्रश्नाबद्दल. क्यू म्हणजे समोरच्या नटाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की आपलं वाक्य सुरू करायचं. जुन्या कंपन्यांत नटाला पूर्ण नाटक देतच नसत. त्याची स्वतःची वाक्यं आणि प्रत्येकाच्या आधीचे तेवढे शेवटचे शब्द, एवढंच लिहून हातात द्यायचे. तूही तेच कर. पूर्ण नाटक वाचत बसू नकोस, डोकं भरून जातं. तुझी वाक्यं आणि त्यांचे क्यू पाठ कर.

शब्द पूर्ण संपू दे. घाई करू नकोस. मनात एक, दोन मोज आणि मग बोल. डॉक्टरांकडे बघण्याची गरज नाही, बघितलंस तर घाबरशील. शेवटच्या रांगेच्या वर एखादी जागा धर आणि तिथे बघत बोल.

ते 'मला माहीत होतं' हे वाक्य ठेवलंय का तुमच्या मास्तरांनी? नवरा इतकी वर्षं का आला नाही ते सांगतो, ती दुसरी बाई, ते दुसरं घर, सगळं, आणि शेवटी म्हणतो, 'म्हणून आलो नाही.' त्यावर बायको एवढंच म्हणते. ते वाक्य ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. मी ते म्हणताना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे. तू ठेवू नकोस. लोक तुलना करतील आणि त्यात तुझंच नुकसान आहे.

तुझ्या यांना सांग, क्षमा फलाटावर लागत नाही.

ताई


२५ जानेवारी

प्रिय ताई,

तू लिहिलंस तसं सगळं केलं. क्यू कागदावर काढले आणि इस्त्रीच्या टेबलासमोर चिकटवले. कपड्यांच्या घड्या घालता घालता पाठ केले. आमचे हे म्हणाले, "तू झोपेतही माझ्या वाक्याचे शेवटचे शब्द ओळखशील." मी म्हटलं, "तुमच्या वाक्यांना शेवट असता तर ओळखले असते."

पण तालमीत गाडी अडली आहे. डॉक्टर एकच वाक्य दोनदा सारखं बोलत नाहीत. कधी 'म्हणून आलो नाही' म्हणतात, कधी 'नाही जमलं यायला', कधी 'असो, असं झालं सगळं' म्हणून मोकळे होतात. बिचारे दिवसभर लोकांच्या तोंडात बघतात, त्यांना स्वतःच्या तोंडात काय आहे ते कसं लक्षात राहावं. मी आपली माझ्या शब्दांची वाट बघत उभी. शब्द येतच नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघतात, मी शेवटच्या रांगेकडे बघते, आणि शेवटच्या रांगेत हॉलचा शिपाई बसलेला असतो, तो माझ्याकडे बघतो.

शब्द आले तरी मी मनात एक, दोन मोजते, तोवर डॉक्टरांना वाटतं मी विसरले. ते दयाळू आहेत, ते माझंच वाक्य हळूच मला सांगतात. काल तर 'मला माहीत होतं' हे त्यांनीच म्हणून टाकलं. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंशी कोपऱ्यात काहीतरी बोलत होते. त्या बाई दोन वर्षांपूर्वीच्या नाटकात होत्या आणि आता प्रत्येक तालमीला पुस्तकं लावायच्या निमित्ताने वर येतात.

माझं काय चुकतंय, ताई? तूच सांग. हे काम माझ्या हातून जाऊ नये असं मला वाटतं. मला वाटलं नव्हतं इतकं ते मला हवं आहे.

बारकी


३० जानेवारी

बारके,

चुकत काही नाही. सगळ्यांनाच जमतं असं नाही, एवढंच.

डॉक्टर शब्द बदलतात हा त्यांचा दोष आहे, मास्तरांनी त्यांना सांगायला हवं. तू तुझ्या जागी ठाम राहा. शब्द बरोबर आल्याशिवाय बोलूच नकोस, म्हणजे त्यांनाच अद्दल घडेल. कंपनीत आम्ही असंच करायचो.

ग्रंथपाल बाईंचं म्हणशील तर, काम दिलं त्यांना तर देऊ दे. वाचणारी बाई आहे, पाठांतर चांगलं असेल. तुझं वय आता नव्याने शिकायचं नाही, आणि दिवसभर लाँड्रीत उभं राहून पुन्हा तालमीत उभं राहणं सोपं नाही. पाय सुजतील. माझे गुडघे बघतेसच. यात कमीपणा काही नाही. एखाद्या छोट्या भूमिकेपासून सुरुवात करायला हवी होती, हे मी आधीच म्हणणार होते.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या अंकात बायको नवऱ्याकडे पाठ करून कपात चहा ओतते, ती जागा मास्तरांनी तशीच ठेवली आहे का? आणि तिचा कोट कुठल्या रंगाचा आहे? माझा राखाडी होता.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी दोन दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. आता लिहिते आहे, तरी फार चांगलं नसेल.

परवा आमचे हे तुमच्या गावी डेपोच्या कामाला आले होते. मी तुझ्यासाठी स्वेटर पाठवला होता, मी स्वतः विणलेला. त्यांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग बाजूला होऊन बघितलं तर गॅलरीतल्या खिडकीतून तू दिसत होतीस, पाठमोरी, वर्तमानपत्र वाचत बसलेली. त्यांनी हाक मारली. ताई, त्यांचा आवाज स्टँडच्या पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातो, तो तुझ्या खिडकीतून आत गेला नाही? तू पान उलटलंस. त्यांनी स्वेटर खालच्या शिंप्याकडे ठेवला आणि परत आले. मला म्हणाले, "तिचा मूड नसेल." एवढंच. ते कोणाबद्दल वाईट बोलत नाहीत. म्हणून मी बोलते.

आणि दुसरं. काल तालमीत एक जुने नट आले होते, मास्तरांचे ओळखीचे. माझं काम बघून त्यांनी विचारलं, "बाई, क्यू मोजून घ्यायला तुम्हाला कोणी शिकवलं? ही खोड लागली की नट मेला." मी काय सांगणार, माझ्या बहिणीने? जिचं ते वाक्य ऐकायला लोक पुन्हा पुन्हा यायचे, तिने? तू एक, दोन मोजायचीस का ताई? मी तुझे प्रयोग विंगेत बसून बघितले आहेत. तू कधी छताकडे बघत बोललीस? तू त्या माणसावरून नजर काढायची नाहीस. मला हे आठवत होतं आणि तरी मी तुझं ऐकलं, कारण तू ताई आहेस.

तुझ्या सगळ्या भूमिकांचे क्यू मी दिले. तू पाठ करत घरभर फिरायचीस आणि मी कागद घेऊन तुझ्या मागे. मोलकरणीला मालकीण मीच होते, नर्सला पेशंट मीच, आणि मावशी मरायची तेव्हा रडणारी भाचीसुद्धा मीच. माझं नाव एकदा तरी कोणाला सांगितलंस? मी काही म्हटलं नाही. घरात जळायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी निमूट करत होते. आता ते काम तू घेतलंस का, ताई? जळतेस का तू माझ्यावर? लाँड्रीतल्या बाईवर?

पुढच्या रविवारपर्यंत मास्तरांनी मुदत दिली आहे. जमलं नाही तर काम ग्रंथपाल बाईंना. त्यांनी माझ्या कोटाचं माप विचारलं आहे. तुला माहीत असावं म्हणून सांगते, कोट निळा आहे.

बारकी


१५ फेब्रुवारी

बारके,

स्वेटर शिंप्याने आणून दिला. बाह्या लांब आहेत. घातला आहे.

बेल मला ऐकू आली नाही. हाकही नाही. मला ऐकू येत नाही, तीन वर्षं होत आली. डावा कान आधी गेला, मग उजव्यातूनही माणसं लांब जात गेली. यंत्र आणलं आहे. ते लावलं की पंखा ऐकू येतो, पाण्याचा पाइप ऐकू येतो, खालच्या शिंप्याचं मशीन ऐकू येतं, माणूस तेवढा ऐकू येत नाही. म्हणून फोन नको म्हणते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, कंपनीलाही नाही. त्यांना गुडघे सांगितले. गुडघे दुखतात, पण गुडघ्यांनी कोणाचं नाटक सुटत नाही.

शेवटचा प्रयोग तुला माहीत नाही. दुसऱ्या अंकात मी पाठमोरी चहा ओतत होते. तो मागून बोलत होता. बोलणं संपलं आणि मी चहा ओततच राहिले. कप भरून बशीत, बशीतून टेबलावर. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. प्रॉम्प्टर विंगेतून मला माझं वाक्य सांगत होता, आधी हळू, मग मोठ्याने. पहिल्या काही रांगांना ते ऐकू गेलं असं मला नंतर कळलं. मी वळले ती लोकांचे हसणारे चेहरे बघून. म्हणून मी तुला त्या जागेबद्दल विचारलं. मास्तरांनी ती तशीच ठेवली असेल तर त्यांना सांग, बायकोने पाठ करायची नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून चहा ओत.

आता नीट वाच, रविवार जवळ आहे.

पहिल्या पत्रात लिहिलं ते चुकीचं नव्हतं. क्यूचा अर्थ विचारला तर कोणीही तसाच सांगेल. मी मात्र तसं कधी केलं नाही.

चिकटवलेले कागद काढून टाक. पूर्ण नाटक वाच. डॉक्टरांची वाक्यं तुझ्या वाक्यांपेक्षा जास्त वेळा वाच. आणि प्रत्येक ठिकाणी बघ, तो बोलत असताना बायकोला तोंड उघडावंसं कुठे वाटतं. ते शेवटी नसतं. शर्टाचा माणूस खोटं बोलतोय हे तुला त्याचं बोलणं संपल्यावर कळलं का? मध्येच कुठेतरी कळलं, आणि तू त्याचं संपेपर्यंत थांबलीस. तो तुझा खरा क्यू होता. तिथे श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. समोरचा थांबला की तो सोडायचा, त्याबरोबर वाक्य बाहेर येतं. शेवटचे शब्द फक्त तुझी वेळ झाली एवढं सांगतात. बोलायचं तू आधीच ठरवलेलं असतं. मग त्याने शब्द बदलले काय आणि खाल्ले काय, तुझं अडत नाही.

आणि त्याच्यावरून नजर काढू नकोस. हे मला कानांनी शिकवलं. शेवटची दोन वर्षं मी सगळे प्रयोग डोळ्यांनी केले. बोलणारा माणूस थांबणार हे त्याच्या तोंडाआधी त्याच्या अंगाला कळतं. माझा नट थांबायच्या आधी हनुवटी आत घ्यायचा. नर्सच्या नाटकातला म्हातारा पायाचं वजन बदलायचा. प्रत्येकाचं काहीतरी असतं. तुमचे डॉक्टर काय करतात ते तुला शोधावं लागेल. शोधलंस की ते कोणालाही सांगू नकोस. त्यांनाही नाही, नाहीतर ते करायचं सोडून देतील.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज देत नाही. दिलं तर ते या सगळ्यावर पाणी फिरवेल, आणि तुला रविवारी काम करायचं आहे.

निळा रंग नाटकातल्या त्या बायकोला शोभत नाही. पण ते मास्तरांचं काम.

ताई


३ मार्च

प्रिय ताई,

काम माझ्याकडेच राहिलं. हे आधी लिहिते.

तुझं पत्र वाचून मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. आमचे हे विचारत होते, "काय झालं?" मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. ते वाचून म्हणाले, "आणि मी तिथे घसा फोडत होतो." मग म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांना दाखवलं का तिने, नीट?" दाखवलंस का? यंत्रं बदलून मिळतात म्हणे. मी इतके दिवस तुझ्यावर रागावण्यात घालवले, आता त्याचं काय करायचं मला कळत नाही. सगळा राग गेलेला नाही. थोडा आहे.

डॉक्टरांचं मला सापडलं. थांबायच्या आधी ते अंगठा बोटांवर घासतात, हातमोजा काढल्यासारखा. पेशंटचं काम झालं की करत असतील. ते दिसायला लागल्यापासून मला भीती उरली नाही. ते काय वाटेल ते बोलू देत, मी श्वास धरून त्यांच्याकडे बघत असते. रविवारी तालीम संपल्यावर ग्रंथपाल बाई पुस्तकं न लावता खाली गेल्या.

मास्तरांनी विचारलं, "एका आठवड्यात हे कुठून आणलंत?" ताई, मी तुझं नाव सांगितलं नाही. माझी बहीण कोण ते इथे कोणालाच माहीत नाही, आडनाव वेगळं आहे. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, शेवटी बहीण कोणाची. मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "गिऱ्हाइकांकडे बघून शिकले." त्यात थोडं खरं आहे.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, करत होते. मास्तरांनी तुझा प्रयोग पाहिलेला आहे. ते म्हणाले, "कंपनीची ती नटी 'मला माहीत होतं' तलवारीसारखं टाकायची, फार गाजलं ते. पण तुम्ही ते अंगावर घेता. मला हे जास्त खरं वाटतं." मला बरं वाटलं. हे तुला लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं.

प्रयोग सोळा तारखेला, संध्याकाळी. पहिल्या रांगेत मध्यावर तुझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे. तिथून चेहरे नीट दिसतात. आमचे हे स्टँडवर घ्यायला येतील. येशील?

बारकी


१९ मार्च

बारके,

मी येऊन गेले. तुझ्या यांना सांग, मी आधीच्या गाडीने उतरले, म्हणून त्यांना दिसले नाही. आणि पहिल्या रांगेत बसले नाही. मध्ये, खांबाजवळ बसले. पहिल्या रांगेत बसलं की नट बघतात, आणि तू मला बघितलं असतंस तर डॉक्टरांना बघितलं नसतंस.

आधी दोष. पहिल्या अंकात तू लाँड्रीसारखी चालतेस, काउंटर आहे असं समजून वळसा घालतेस. पत्र उघडताना हात थरथरवू नकोस, लांबून ते सर्दी झाल्यासारखं दिसतं. निळा रंग शोभत नाही हे मी म्हटलंच होतं. चहा चांगला ओतलास.

मी एकही शब्द ऐकला नाही. यंत्र काढूनच ठेवलं होतं. नाटक मला पाठ आहे, कोण कुठे आहे ते तोंडांवरून कळत होतं.

दुसऱ्या अंकात डॉक्टर सांगायला लागले, ती दुसरी बाई, ते दुसरं घर. आणि मध्येच त्यांची नजर विंगेकडे गेली. एवढीशी, पण ती नजर मी कुठेही ओळखेन. गेलं सगळं. त्यांना पुढचं काही आठवत नव्हतं. अजून अर्धं बोलणं बाकी होतं, दुसरं घर कोणाचं तेही लोकांना सांगितलेलं नव्हतं. मी विंगेत बघितलं. तुमचा प्रॉम्प्टर पानं उलटत होता.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण तू विचारलं होतंस. मला वाटलं, आता. आता ती नुसती उभी राहील, माझ्यासारखी. मी खुर्चीत पुढे सरकले, नीट दिसावं म्हणून.

क्षणभर तू उभीच राहिलीस. डॉक्टर तोंड उघडून तुझ्याकडे बघत होते, बुडणाऱ्या माणसासारखे. तू किटली खाली ठेवलीस. त्यांच्याजवळ गेलीस, कप त्यांच्या हातात दिलास, आणि म्हणालीस. तीन शब्द. ओठांवरून मला कळले. त्याने अजून खरं ते सांगितलेलंच नव्हतं आणि तू म्हणालीस, मला माहीत होतं.

माझ्या शेजारी एक बाई पर्समधून काहीतरी काढत होती. तिचा हात पर्समध्येच राहिला. पुढच्या रांगेतला माणूस खोकायला वाकला होता, तो वाकलेलाच. आवाज नसला तरी हॉल गप्प झालेला मला कळतो, मी आयुष्यभर त्याच्याच मागे होते. असा गप्प झालेला हॉल मी बघितला नव्हता. आणि डॉक्टरांचे डोळे भरले. ते काम नव्हतं, ती सुटका होती, पण लोकांना ते कुठे माहीत?

बारके, मी ते वाक्य इतकी वर्षं म्हटलं. प्रत्येक वेळी त्याने सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. सगळं सांगितल्यावर 'मला माहीत होतं' कोणीही म्हणेल, त्यात काय मोठं? न सांगता माहीत असलं तरच ते माहीत होतं. हे मला एकदाही सुचलं नाही. मी तलवारीसारखं टाकत राहिले, कारण टाळ्या यायच्या. त्या जागेला क्यू असतो असंच मी धरून चालले होते. तिथे तो नकोच होता.

म्हणून जळते का, तर हो. भूमिका मिळाली म्हणून जळत होते तेव्हा ती साधी गोष्ट होती, तीत मला लाजही वाटली नाही. कान चांगले आहेत म्हणूनही जळत होते. आता जळते ते त्या एका जागेवर, आणि हे निराळं आहे. ती माझ्याच नाटकात होती, माझ्यासमोर, रोज, आणि मी तिच्यावरून चालत गेले. तुला ती पहिल्याच प्रयोगात पायाखाली लागली, आणि तीसुद्धा एका दंतवैद्याच्या विसराळूपणामुळे. मी परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

प्रयोग संपल्यावर आत आले नाही. तुझ्याभोवती लोक असणार, आणि माझं तोंड नीट करायला मला वेळ लागतो. नट असूनही.

मास्तरांना भेट. डॉक्टर घाबरून आता वाक्यं घोकतील आणि पुढच्या प्रयोगात सगळं धडाधड म्हणतील. मास्तरांना सांग, ते अर्धं बोलणं कायमचं कापा. बायकोने तिथेच म्हणायचं, तू म्हणालीस तसं. ते ऐकणार नाहीत. म्हणतील, लिहिलेलं नाटक असं कापता येत नाही. मग त्यांना सांग की हे कोणी सांगितलं. माझं नाव घे. माझ्या नावाला अजून एवढं वजन आहे, आणि दुसऱ्या कशासाठी ते आता मला लागत नाही.

ताई